उत्तरेला निघालेला होल्डॉल

मी एक जुना होल्डॉल आहे, आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर मला अजूनही स्वस्थ पडून राहता येत नाही. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. खाकी कॅनव्हासची एक लांबलचक पथारी डोळ्यांसमोर आणा. दोन्ही टोकांना मोठे खिसे. आत गादी, चादरी, कपडे घालायचे, गुंडाळी करायची आणि वरून दोन चामडी पट्टे आवळायचे. झाला गडी प्रवासाला तयार!

माझा जन्म नागपूरच्या इतवारीतला. धोंडबा नावाचा कारागीर ट्रकांच्या ताडपत्र्या शिवायचा. उरलेल्या कॅनव्हासातून त्याने मला बेतलं. मेण लावलेल्या दोऱ्याने शेवटचा टाका घालून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "लय फिरजो गा बाबू!" माझी सगळी घालमेल तिथूनच सुरू झाली असावी.

मला मधुसूदनरावांनी घेतलं. नागपूरच्याच सदर भागातल्या एका कचेरीत ते कारकून होते आणि दौऱ्यावर जायचे. चांदा, भंडारा, बालाघाट मी त्यांच्याबरोबर पाहिलं. फलाटावर लोक माझ्यावर बसून चहा प्यायचे, "काय दणकट शिवलंय हो!" म्हणायचे. मला धन्य वाटायचं. मग त्यांचे दौरे संपले आणि मी माळ्यावर गेलो. सात वर्षं झुरळं आणि डांबराच्या गोळ्या! रात्रंदिवस गाड्यांच्या शिट्या ऐकू यायच्या आणि माझे पट्टे आतल्या आत वळवळायचे.

सत्त्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात मला खाली उतरवलं ते त्यांच्या पत्नीने, सुमतीबाईंनी. त्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायच्या. त्यांनी जमिनीवर नकाशा पसरला आणि अकरा वर्षांच्या लेकीला, ताराला, जवळ बोलावलं.

"हे बघ लुंबिनी. इथं अशोकाने उभारलेला खांब आहे. पंधरा वर्षं मी पोरींना तो फळ्यावर काढून दाखवतेय. खडूचा खांब! तुला मी खरा दाखवणार."

बेत मोठा होता. इटारसीला गाडी बदलून गोरखपूर, तिथून बसने सरहद्द ओलांडून नेपाळ. आधी लुंबिनी, मग पोखऱ्याहून दोन दिवस डोंगरातून पायी, आणि शेवटी भक्तपूरचे जुने चौक. परदेश, पण पासपोर्ट नको. तारा नकाशावरून बोट फिरवत राहिली ती झोपेपर्यंत.

पण त्या वर्षी आजोबा आजारी पडले. तिकिटं परत. पुढच्या वर्षी मधुसूदनरावांचंच मन डगमगलं. "दोघी बायका, परका मुलूख," म्हणाले. पुन्हा तिकिटं परत. दोन्ही वेळा मला भरलं आणि दोन्ही वेळा रिकामं केलं. मित्रांनो, भरलेलं सामान न जाता उपसलं जातं तेव्हा घरात कुणीच कुणाकडे पाहत नाही.

एकोणऐंशी साल उजाडलं. तारा तेरा वर्षांची झाली. "पुढल्या उन्हाळ्यात दहावीचे वर्ग सुरू होतील," सुमतीबाई म्हणाल्या, "आता गेलो तर गेलो." मायलेकी भल्या पहाटे सेमिनरी हिल्सवर चढायला जाऊ लागल्या. सवय व्हावी म्हणून तारा पाठीवरच्या पिशवीत शालीत गुंडाळलेल्या दोन विटा घ्यायची. शेजारच्या यमुताई दारातूनच ओरडायच्या, "काहून वं तारा, टेकडीवर घर बांधून राहिली का? मले एक खोली ठेवजो!"

ताराला हसू यायचं, पण जीव थाऱ्यावर नसायचा. दिवसातून तीनदा ती माझे पट्टे सोडायची, स्वेटर मोजायची आणि पुन्हा आवळायची. आजी इंदुताई जपमाळ ओढता ओढता पुटपुटायच्या, "पोरीच्या जातीने डोंगर चढून काय आणायचंय? दगडच ना?"

आरक्षण मिळालं मंगळवारचं, दुपारी एकच्या गाडीचं. आजींनी पंचांग मिटलं.

"मंगळवारी उत्तरेला निघायचं नाही. जायचंच असेल तर सोमवारी प्रस्थान ठेवा."

ही रीत तुम्हांला ठाऊक नसेल. वाईट दिवशी निघायचं असलं की आदल्या चांगल्या दिवशी आपलं सामान जायच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरायचं. ते सामान मग पुन्हा घरात आणायचं नाही. यमुताईंचं घर आमच्या उत्तरेला. सोमवारी सकाळी मला तिथे नेऊन मागच्या खिडकीखालच्या बाजेवर ठेवलं. चार पावलंच, पण मी निघालो होतो!

मला तिथे नेण्याआधी ताराने एक गोष्ट केली, ती फक्त मला ठाऊक होती. तिकिटांचं पाकीट तिने कपाटातून काढून माझ्या खिशात तळाशी दडवलं. या वेळी परत करायला ती कुणाला सापडूच नयेत म्हणून.

संध्याकाळी काटोलहून यमुताईंना निरोप आला. बहिणीची सून बाळंतपणात अडली होती. त्यांनी घाईने कुलूप शोधलं. एरवी गावाला जाताना त्या किल्ली आमच्याच घरी ठेवायच्या. उंबऱ्यात थबकून त्या मला म्हणाल्या, "किल्ली त्याहिच्याच घरी देली तं तू घरी परत गेल्यावानीच होईन. नाही बाप्पा, पाप नको. सकायी येऊन जाईन मी." कुलूप लागलं. त्या किल्ली घेऊन काटोलला गेल्या.

सकाळ झाली. नऊ वाजले, दहा वाजले. यमुताई आल्या नाहीत. बाहेर तारा कुलूप हलवत होती, त्याचा आवाज माझ्या पोटात वाजत होता.

"सामान राहू दे," सुमतीबाईंचा आवाज आला. "दोन साड्या घेऊ आणि निघू. तिकिटं तर आहेत ना कपाटात!"

कुलपाचा आवाज थांबला. मग तारा हुंदका देत म्हणाली, "आई, तिकिटं आत आहेत. मीच ठेवली. बाबा परत करतील म्हणून."

मधुसूदनराव तिथेच उभे होते. ते खाकरून म्हणाले, "मी हातोडी आणतो."

"शेजारणीचं कुलूप फोडून निघणार?" आजी कडाडल्या. "मागे चला. खिडकी उघडी आहे."

खिडकीच्या गजांतून ताराचा बारीक हात आत आला. तिने माझं एक बक्कल सोडलं, मग दुसरं. पाकीट बाहेर गेलं. मग स्वेटर, शाली, चादरी, वही, एकेक करून सगळं गजांतून गेलं. शेवटी तिने मलाच ओढलं. पण माझ्या पाठीवर जाड चामड्याची मूठ. धोंडबाने शिवलेली, ती काही केल्या वाकेना. मी अर्धा आत, अर्धा बाहेर, असा गजांत रुतून बसलो. बारा वाजत आले होते.

"सोड त्याला," सुमतीबाई म्हणाल्या.

"पण प्रस्थान तर तोच आहे! तोच नाही आला तर?"

तेव्हा आजी पुढे झाल्या. त्यांनी घरून आपलं धुवट लुगडं आणवलं, यमुताईंच्या अंगणात पसरलं आणि सगळं त्यात घातलं. टोकाला मूठभर तांदूळ बांधताना जात्यावरच्या चालीत त्या हळूच गुणगुणल्या:

"गाठीत बांधिले बाई तांदूळ मूठभर,
लेक निघाली डोंगरा, मन माझं दारावर."

मग ताराकडे न बघता म्हणाल्या, "पट्टा काढ त्याचा. त्यातलं काहीतरी गेलं म्हणजे तो गेला. घरात पाऊल टाकू नका, इथूनच निघा. आणि दगड मिळाला तर एक माझ्यासाठी आण."

ताराने माझा एक पट्टा ओढून काढला आणि गाठोड्यावर आवळला. रिक्षा वळल्याचा आवाज मी लटकलेल्या अवस्थेत ऐकला.

संध्याकाळी यमुताई आल्या. बस वाटेत बंद पडली होती. मला पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा, तू इथंच लटकून राहिला का गा?" त्या आधी हसल्या, मग बाजेवर बसून रडल्या. मला सोडवून त्यांनी स्वतःजवळच ठेवलं. घरी मात्र धाडलं नाही.

एकोणीस दिवसांनी तारा आली ती आधी यमुताईंच्या दारी. नाक उन्हाने सोललेलं, बुटांना लाल माती. तिने पट्टा पुन्हा माझ्या पट्टीत ओवला. त्याला धुराचा, ओल्या गवताचा, परक्या धुळीचा वास येत होता. त्या रात्री मी त्यालाच हुंगत जागा राहिलो. आजींच्या देव्हाऱ्यात डोंगरातला एक करडा दगड आला. त्या त्याला रोज हळदकुंकू वाहू लागल्या.

आता मी पुन्हा माळ्यावर आहे. तारा मोठी झाली, पाठीवरची नवी सॅक घेऊन दूर दूर जाते. जाताना ती स्टुलावर चढते, माझा तोच पट्टा काढून नेते आणि परतल्यावर आणून लावते. दर वेळी त्याला नवा वास असतो.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर कुणी माझ्यासारखा असेल. वर्षातून एकदा त्याला ऊन दाखवा, चामड्याला तेलाचा हात लावा. आणि ठेवताना एवढं करा, पट्टे घट्ट आवळून ठेवू नका. आवळलेलं चामडं पडल्या पडल्या तडकतं. एक बक्कल उघडं असू द्या. शिटी वाजली की आम्हांला अजूनही वाटतं, कुणीतरी स्टूल ओढतंय.