नाईलीचं माहेर गारखेडा

गारखेड्याच्या शाळेच्या मैदानावर अशी दाटी, की मुंगीलाही कुणाच्या तरी पायावर पाय देऊनच शिरावं लागलं असतं. मधोमध कोरडी वाळू, वाळूवर लाकडी घसरगाडी आणि गाडीवर काळा दगड. सहावीची पोरं दोर ओढून घामाघूम झाली. दगड ढिम्म.

‘पिरॅमिड कसे बांधले? करून पाहू!’ ही कार्यशाळा विज्ञानाच्या सरिताबाईंची. पण संस्थाचालक तात्यासाहेबांनी ऐनवेळी तज्ज्ञ आणला: पिरॅमिडगुरू बन्सी महाराज. डोक्यावर सोनेरी पुठ्ठ्याचा त्रिकोण, हातात तांब्या. महाराज म्हणे मिसर देशी तप करून आले; शहरातल्याच शहागंजच्या पलीकडं गेलेलं मात्र त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

“भक्तहो!” महाराज गरजले, “मिसर म्हणजे मिश्र ऋषींचा देश! नाईल म्हणजे नीलगंगा! एवढाले दगड माणसांनी ओढले म्हणता? अहो, मंत्रानं उडाले!”

तांब्यातलं नाईलतीर्थ त्यांनी गाडीपुढच्या वाळूवर शिंपडलं. “ॐ फारो फट्! ओढा!”

पोरांनी दोर खेचला आणि दगड सरसर निघाला, जशी पंचमीला लेक माहेरी.

टाळ्यांचा कडकडाट झाला. नळाची वाट बघून जिथं घागरींच्याच डोळ्यांना पाणी येतं, त्या शहरात नाईल बाटल्यांतून धडाधड खपू लागली.

सरिताबाईंचं लक्ष मात्र सासूकडं होतं. मनकर्णाबाई सोयगावहून मोतीबिंदू काढायला आलेल्या. परवा ऑपरेशन. महाराजांचा मांडव कालच शाळेच्या फाटकाशी लागला होता. तेव्हापासून म्हातारी गुपचूप तीर्थ डोळ्यात टाकत होती. डोळा लालबुंद.

“सरे, आपरेशन रद कर,” ती हात जोडून म्हणाली. “एवढा धोंडा हलवला, त्याला माझा मोती काढायला कितीसा येळ?”

“आत्याबाई, डोळा सुजलाय हो.”

“घाण भाईर येतीय, म्हाराज म्हनले.”

म्हातारीच्या दुसऱ्या डोळ्यात आधीच अंधार वस्तीला आला होता. हाही गेला तर?

तेवढ्यात त्यांच्या वर्गातली मोनिका उभी राहिली. “महाराज, एकदा तीर्थ न टाकता नुसता मंत्र म्हणा ना.”

“पोरी, मंत्र कोरडा चालत नसतो!”

“म्हंजी मंत्राला बी कूलरवानी पानी लागतं व्हय?” गर्दीतून कुणीतरी म्हणालं. हशा उसळला.

“असू द्या,” सरिताबाई पुढं झाल्या. “आता पाणी आमचं आणि मंत्रही आमचा.”

गाडी मागं आणली, ओली वाळू काढून कोरडी पसरली. मोनिकानं आपल्या बाटलीतलं पाणी शिंपडलं. मंत्र म्हणून पोरांनी बेचा पाढा धरला. बे चोक आठ व्हायच्या आत दगड पलीकडं!

महाराज चवताळले. “बघा माझ्या तीर्थाची ताकद!” म्हणत त्यांनी तीर्थाचा अख्खा कॅन गाडीपुढच्या वाळूवर उपडा केला. चिखल झाला. गाडी रुतली ती रुतलीच. महाराजांनी फारो राजाला पुन्हा पुन्हा हाका मारल्या; फारो काही ओ देईना.

“भक्ती जास्त झाली वाटतं,” मोनिका म्हणाली.

“कोरडी वाळू गाडीपुढं ढीग करून अडते,” सरिताबाई म्हणाल्या. “बेताचं पाणी मिळालं की कण एकमेकांना धरतात, वाट घट्ट होते. जास्त झालं की चिखल. मिसरच्या कामकऱ्यांना हे ठाऊक होतं. तिथल्या एका थडग्यात चित्रच आहे, गाडीपुढं पाणी ओतणाऱ्या माणसाचं. त्यांचा घाम चोरून महाराज मंत्राच्या नावावर खपवतायत.”

मनकर्णाबाई उठल्या. “मंग माझ्या डोळ्यात काय गेलं?”

“टँकरचं पाणी, आज्जी,” मोनिका हळूच म्हणाली. “कालपासून ह्याच कॅनमध्ये भरताना मी पाहतेय.”

म्हातारीनं पदराआडची तीर्थाची बाटली महाराजांच्या पायावर रिती केली. “घे तुझी नाईल! सरे, चल डाक्तरकडं.”

डॉक्टरांनी आधी बुवाचं तीर्थ उतरवलं, मग मोतीबिंदू. त्यापायी ऑपरेशन पुढं गेलं, पण डोळा वाचला. पट्टी सुटली त्या दिवशी मनकर्णाबाईंनी ओवी धरली:

*वाळूवरी शिंपिलं पानी, धोंडा चालला भराभर,*
*बुवाच्या नाईलीला बाई, आमच्या टँकराचं माहेर.*

दगड हलला हे खोटं नव्हतंच. डोळ्यांदेखत घडलेलं खरं असतं. त्याचं कारण मात्र विकणाऱ्याच्या तोंडून घेऊ नये. एक गोष्ट काढून बघावी, दुसरी घालून बघावी. हात जोडण्याआधी ते हात एकदा वाळूत घालावेत.