यादीतलं पहिलं नाव

आर्ली मसिकला गोळी लागली ती पेट्रोल पंपावर, कानाच्या जरा वर, हातात कॉफीचा पेला असताना. शेरीफनं लिहिलं की हरणाच्या शिकाऱ्याची चुकलेली गोळी. शिकारीचा हंगाम उघडायला अजून तीन आठवडे होते, आणि त्या पंपाकडे हरीण फिरकल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. पण शेरीफनं लिहिलं म्हणजे लिहिलं. क्रॅबट्री काउंटीत लोक अशा वेळी टोपी काढून मान हलवतात आणि आपापल्या गाडीत जाऊन बसतात.

आर्ली तिथला आमदार होता. मापापेक्षा जास्त कोळसा लादून डोंगर उतरणाऱ्या ट्रकांना चाप लावणारा कायदा त्यानं चार्ल्सटनला, राजधानीत, मांडला होता. मागल्या हिवाळ्यात तसला एक ट्रक ब्रेक तुटून एका मोटारीवर चढला होता. मोटारीत टॅकेटची बाई आणि तिची दोन मुलं होती. ट्रक डेन्झिल स्टिडमचा. पक्षाच्या काउंटी समितीचा अध्यक्षही डेन्झिल स्टिडमच.

ती दोन मुलं रोज दुपारी ओरेटा कँट्रेलच्या हातचं जेवायची. ओरेटा शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं होती. धाकटा टॅकेट घेवडे खायचा नाही, म्हणून ती त्याला गुपचूप मक्याच्या पावाचा दुसरा तुकडा द्यायची. अपघातानंतर कितीतरी दिवस तिचा हात आपोआप तो तुकडा बाजूला काढून ठेवत होता.

समितीतही ती होती, अकरा वर्षं. तिथं तिची कामं दोन होती. सभेला बिस्किटं आणि रस्सा घेऊन जायचं, आणि सभेत काय ठरलं ते लिहून ठेवायचं. मत तिलाही होतं, पण ते विचारायची वेळ कधी आली नव्हती.

आमदाराची जागा रिकामी झाली की समितीनं तीन नावं धाडायची आणि राज्यपालानं त्यातलं एक उचलायचं, असा तिथला कायदा. तीन कशाला, तर राज्यपालाला निवडीचं समाधान मिळावं म्हणून. क्रॅबट्रीत याला ‘एक घोडा, दोन खुंट’ म्हणत. घोडा म्हणजे ज्याला खरं धाडायचं तो, खुंट नुसते भरतीला; घोड्याचं नाव यादीत सगळ्यात वर टाकायचं. राज्यपालाच्या कचेरीलाही ही खूण ठाऊक होती. वरचं नाव उचललं की काउंटी खूश, पुढल्या निवडणुकीला मतं पक्की.

या वेळचा घोडा होता डेन्झिलचा पोरगा, ब्रॅक. खुंट म्हणून बहिरे झालेले म्हातारे पाद्री होबार्ट मलिन्स यांचं नाव घातलं. दुसरा खुंट सापडेना. तेव्हा डेन्झिल बिस्किट चावता चावता म्हणाला, ओरेटाचंच टाका की, इथंच उभी आहे. सगळे हसले. ओरेटाही हसली. हसताना तिला आर्लीच्या कॉफीचा पेला दिसत होता, पंपाच्या फरशीवर गडगडत गेलेला.

यादी तिनं घरी बसून टंकली. शाळेत जेवणाऱ्या पोरांच्या याद्या ती एकोणीस वर्षं करत आलेली, आडनावांच्या अक्षरक्रमानं. बोटांना तेवढंच ठाऊक. कँट्रेल, मलिन्स, स्टिडम. कागद ओढून काढल्यावर तिच्या लक्षात आलं की घोडा तळाला गेला. नवा कागद चढवावा म्हणून ती उठलीही, पण ओव्हनमध्ये पाव करपायला लागला होता. सकाळी डेन्झिलनं ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून न वाचता सही ठोकली. तो तिचे कागद कधीच वाचत नसे.

चौथ्या दिवशी शाळेत फोन आला, खुद्द राज्यपालांचा. माणूस घाईत होता. आर्ली चांगला होता, वाईट झालं, वगैरे म्हणून त्यांनी विचारलं, “यादीत तुमचं नाव वर आहे. तुमच्या लोकांची तीच इच्छा आहे, असं समजू ना?”

आता सांगायचं, साहेब, ती अक्षरांची चूक आहे. एका वाक्याचं काम होतं. समोर जेवणाच्या रांगेत टॅकेटच्या मुलांचे वर्ग उभे होते, दोन डोकी कमी.

“यादीत वर माझंच नाव आहे, साहेब,” ओरेटा म्हणाली. हे खोटं नव्हतं.

शपथविधी गुरुवारी ठरला. तोवर नेमलेल्या माणसानं स्वतः सही करून नकार कळवला, तरच समितीला नवी यादी धाडता येणार होती. म्हणजे सगळं ओरेटाच्या एका सहीवर येऊन थांबलं. डेन्झिलनं नकाराचं पत्र टंकून आणलं, आणि या वेळी वाचूनही घेतलं. सोमवारी तो दारात उभा राहून गोड बोलला. पोरी, तुला चार्ल्सटनमध्ये काटे-चमचे कुठले धरायचे तेही कळणार नाही. ओरेटा म्हणाली की अठरा डझन काटे-चमचे ती रोज धुते.

मंगळवारी उजाडताना कोळशाचा ट्रक तिच्या अंगणात मागे मागे आला. तिचा थोरला भाऊ व्हर्लिन ओसरीवर बसला होता, नाकात प्राणवायूची नळी घालून. खाणीत त्याची छाती काळी झाली होती, आणि सकाळचा गारवा त्याला बरा वाटायचा. त्याला वाटलं, गाडी वळवतोय. ट्रकनं आधी ओसरीचे खांब मोडले, मग मागचा हौदा उचलला आणि अठरा टन कोळसा दारात ओतून निघून गेला.

ओरेटा मागच्या दारानं धावली. पीठ मळायच्या परातीनं तिनं कोळसा उपसला, मग परात टाकून हातांनी. आधी नळी सापडली, मग चेहरा. व्हर्लिनच्या तोंडात, डोळ्यांत कोळसा होता. एक पाय नको तिकडे वळला होता आणि मांडीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. तो ओरडत नव्हता. ओरडायला श्वास लागतो, तो त्याच्याकडे नव्हता.

इस्पितळात संध्याकाळी तो शुद्धीवर आला. म्हणाला, “सही करून टाक, पोरी. जन्मभर कोळशाखाली राहिलो. घराच्या दारात नको.”

ती त्याच्या कानातली कोळशाची धूळ ओल्या फडक्यानं पुसत राहिली. करते म्हणाली. आणि खरंच ठरवलं होतं तिनं. आर्ली मेला होता, मुलं मेली होती, व्हर्लिन तेवढा उरला होता.

बुधवारी सकाळी दहाला ब्रॅक स्टिडम शाळेच्या स्वयंपाकघरात आला. पंचविशीचा, दांडगा, याच खोलीत तो वाढला होता म्हणा, सॉसेजचे दोन जास्तीचे तुकडे मागत. ओरेटा मोठ्या तव्याजवळ उभी होती. डाव्या हातात उलथनं, उजवा तव्याच्या कडेला. डावखुरी होती ती.

“मिस ओरेटा, सही,” तो म्हणाला. पत्र त्यानं पिठाच्या डब्यावर ठेवलं.

ती म्हणणार होती, थांब, चष्मा आणते. म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यानं तिचं उजवं मनगट धरलं आणि तळहात तव्यावर दाबला.

चरबी तडतडली. वास आला तो तिला ओळखीचा वाटला, आणि तो आपला आहे हे मग कळलं. ब्रॅक हळूहळू मोजत होता, पाचपर्यंत. पाचला त्यानं हात सोडला तेव्हा तळहाताची साल तव्यावरच राहिली.

“आता कर सही.”

ओरेटानं हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “सही करायचा हात भाजलास की रे, गाढवा,” ती म्हणाली.

ब्रॅकच्या तोंडावर तेच भाव आले जे दुसरीत असताना दुधाची बाटली फुटल्यावर यायचे. हे त्याला सुचलंच नव्हतं. तो पत्राकडे पाहायला वळला, बापाला काय सांगायचं याचा विचार करत. ओरेटानं उलथनं ठेवलं. डाव्या हातानं शेजारच्या शेगडीवरचा बिडाचा जड, दांड्याचा तवा उचलला आणि त्याच्या जबड्यावर हाणला.

दात भिंतीवर जाऊन आपटले. तो पडला, उठू लागला, तेव्हा तिनं दुसऱ्यांदा हाणला, खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज आला. तिसऱ्यांदा तिनं तवा उचलून थेट त्याच्या डोक्यावर धरला. खाली ब्रॅक रक्ताच्या गुळण्या टाकत “मिस ओरेटा, मिस ओरेटा” असं काहीसं म्हणत होता. तिनं तवा खाली ठेवला. मारायचं मन नव्हतं असं नाही. पण बाहेर पोरांची रांग लागायला तासभरच उरला होता, आणि फरशी पुसायची होती.

पत्र तिनं मोठ्या तव्याखालच्या जाळात घातलं.

गुरुवारी ती शेजाऱ्याच्या गाडीतून चार्ल्सटनला गेली, चर्चला घालायच्या निळ्या पोशाखात. व्हर्लिनला तिनं जायच्या आधी सांगितलं की सही राहून गेली. त्यानं तिच्या हातावरच्या पट्ट्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, दरवाजा मागचाच वापरू. कोळसा आहे तर हिवाळाही निघेल.

शपथ घेताना उजवा हात वर करावा लागतो. तिनं केला, कोपरापर्यंत पांढरा, पट्टीतून पिवळं पाणी पाझरणारा. वरच्या सज्ज्यात डेन्झिल बसला होता. पोराचा जबडा तारेनं बांधल्यामुळे तो नळीनं पितो, अशी बातमी होती. ओरेटानं निघताना गाळलेल्या घेवड्याच्या रश्शाचा डबा त्याच्याकडे पाठवला होता. टाकून दिला असेल, तर तो त्यांचा प्रश्न.

कारकुनानं नोंदवही पुढे केली आणि तिच्या हाताकडे पाहून कानकोंडा झाला. म्हणाला, बाई, आज नुसती फुली केली तरी चालेल.

“नको,” ती म्हणाली. डाव्या हातात लेखणी धरून तिनं सही केली, एका दमात, शेपटीसकट.

सज्ज्यात डेन्झिल कठड्यावर ओणवा झाला. अकरा वर्षं ही बाई त्याच्यासमोर बसून याच हातानं सभा लिहीत होती.

मग हजेरी झाली. तिथं ती आडनावांच्या अक्षरक्रमानं घेतात, त्यामुळे तिला फार थांबावं लागलं नाही. हजर म्हटल्यावर तिनं कारकुनाला विचारलं, आर्ली मसिकच्या ट्रकांच्या कायद्याचा कागद कुठल्या कपाटात ठेवलाय.