समुद्राकडे वळवलेली खाट

मोन्जीमामाला दवाखान्यातून घरी सोडायचं ठरलं आणि बेय्यामावशीनं भर वॉर्डात जाहीर करून टाकलं, "घरी म्हणजे माझ्या घरी!"

मामा जन्मापासून आंधळा. सगळी नोकरी त्यानं बिझर्त बंदरातल्या एका कचेरीत टेलिफोन जोडून देण्यात काढली. समोरच्यानं 'हॅलो' म्हणायच्या आत नुसत्या श्वासावरून माणूस ओळखायचा. राहायचा एकटा, कॉफी उकळायचा स्वतःची स्वतः. गच्चीवर कपडे वाळत घालायला निघाला, जिन्यात घसरला, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. बाकी मामा होता तस्साच होता.

"तुझ्याकडे आलो तर तू मला चमच्यानं भरवशील," मामा म्हणाला.

"भरवीनच! सख्खी बहीण आहे मी."

"आणि भरवताना बोलत बसशील."

त्यांची चौदा वर्षांची भाची दोरसाफ फिस्सकन हसली. मावशीनं डोळे वटारले, पण दोरसाफ आजकाल वटारलेल्या डोळ्यांना घाबरेनाशी झाली होती.

कौसर सिस्टरनं भांडण मिटवलं. "वॉकर घेऊन खाटेपासून न्हाणीघरापर्यंत आणि स्वयंपाकघरापर्यंत यांना एकट्यानं जाता आलं, तर आपल्या घरी. पायात काही यायला नको. बसायला उंच खुर्ची हवी, खोल बसले तर खुबा निखळेल. आधी कुणीतरी जाऊन घर बघा. नाही जमलं तर बहिणीकडे."

"मी बघते!" म्हणत दोरसाफ दारापर्यंत पोचलीसुद्धा.

"दोरसाफ," मामा हळूच म्हणाला, "तिकडे पाठवू नकोस गं मला."

ती धावत गेली आणि मामाच्या उंबऱ्यावरच थिजली. आजारी माणूस घरी यायचा म्हटल्यावर गल्लीतल्या बायका काय स्वस्थ बसतात? घर ईदसारखं लखलखत होतं. आणि ईदसारखंच उलटंपालटं झालं होतं. प्रत्येकीनं आपला सगळ्यात चांगला गालिचा आणून अंथरला होता, एकावर एक. मधोमध एक गुबगुबीत सोफा, असा की बसलेला माणूस शोधावा लागेल. आणि खाट पार खिडकीशी.

"खाट कुणी हलवली?"

"मी!" शेजारच्या झोहराकाकू अभिमानानं म्हणाल्या. "पडल्या पडल्या मोन्जीभाऊंना समुद्र दिसेल."

"काकू... मामाला?"

काकूंनी तोंडावर हात मारला. "अगं बाई! एवढी वर्षं शेजारी राहते, तरी दर वेळी विसरते बघ. तो मेला कधी आंधळ्यासारखा वागलाय का?"

आता सगळं होतं तसं लावायचं, तर होतं कसं हे कुणालाच आठवेना. एक म्हणे मेज इथं होतं, दुसरी म्हणे छे, तिथं तर टोपली असायची. शेवटी दोरसाफनं मामाला फोन लावला, गालिचे, सोफा, खाट सगळा प्रकार सांगितला आणि स्पीकर चालू केला.

"शांतता!" मामाचा नोकरीतला आवाज कडाडला. "एका वेळी एकानंच बोलायचं. दाराला पाठ करून उभी राहा. डाव्या हाताला मेज. लागलं?"

"लागलं!"

"खाट भिंतीला लाव. आणि झोहरा, तो सोफा जिथून आणलास तिथं ने."

"मी तर ब्रसुद्धा काढला नाही!" झोहराकाकू म्हणाल्या.

"श्वास घेत होतीस ना."

बायकांनी पदर खोचल्यागत बाह्या सारल्या आणि कामाला लागल्या. गालिचे गुंडाळले, खाटेखाली विटा घालून ती उंच केली, कुणीतरी घरची ताठ पाठीची खुर्ची आणली. सगळं जागच्या जागी बसलं. दोरसाफनं जिंकल्याच्या थाटात दवाखान्यानं आधीच घरी पाठवलेला वॉकर ढकलत नेला आणि तो न्हाणीघराकडच्या बोळात खट्कन अडकला. भिंत आणि आजीची लग्नातली पेटी यांच्यामधून मामा जायचा तिरका होऊन. वॉकर कुठला तिरका होतोय?

"मामा, पेटी आड येतेय."

मामा ती पेटी रोज जाता-येता हातानं चाचपायचा, हे तिला माहीत होतं.

"बेय्याकडे पाठवून दे," तो म्हणाला. "ती काहीतरी घेऊन जाणारच आहे. पेटीवर भागलं तर बरं."

दुपारी मामा आला. अख्खी गल्ली दारात, कुणाच्या हातात रव्याच्या कुस्कुसची वाफाळती परात. झोहराकाकूंनी आनंदाची किलकारी ठोकायला जीभ उचललीच होती, दोरसाफनं त्यांचा हात दाबला. "काकू, नंतर! चालताना त्याला आजूबाजूचं ऐकू आलं पाहिजे."

दवाखान्यात सिस्टर फोनवर थांबली होती. मामा खाटेवरून उठला. वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग धड पाय. मेज गेलं, दार गेलं. बोळाच्या तोंडाशी तो थांबला.

"बेय्या," मामा म्हणाला, "सगळं सामान हललं. एक तूच राहिलीस."

मावशी हात पसरून बोळात उभी होती, पडला तर झेलायला. तिचे डोळे भरले होते. "पडलास तर?"

"पडलो तर हाक मारीन. तुला तर सात गल्ल्या पलीकडूनही ऐकू येतं."

मावशी बाजूला झाली. भिंतीला इतकी चिकटली की चुन्याचा पांढरा पट्टाच पाठीवर उठला. मामा न्हाणीघरात गेला, मग स्वयंपाकघरात, आणि शेगडीजवळच्या उंच खुर्चीवर बेतानं टेकला.

"सिस्टर, ऐकताय ना? पोचलो."

"ऐकतेय. राहा तिथंच."

तेव्हा कुठे किलकाऱ्या सुटल्या. मामानं कान झाकले.

"झालं ना? आता सगळ्या आपापल्या घरी जा," तो म्हणाला. "कुस्कुस मात्र ठेवून जा."