गटाचं उत्तर

तिनं प्रयोगशाळेचं दार ढकललं आणि खिडकीपाशी कुजबुजणारे तिघंही एकदम गप्प झाले. घुम्यानं हातातली पट्टी पाठीमागे नेली. जुळ्या बहिणी उगाचच एकमेकींच्या वेण्या नीट करू लागल्या. कुठंतरी पाणी मुरत होतं.

वर्गात तिला सगळे ‘पहिली’ म्हणायचे. बालवाडीपासून तिनं दुसरा नंबर बघितलाच नव्हता. यंदा मात्र भौतिकशास्त्राच्या बाईंच्या डोक्यात गटानं शिकण्याचं खूळ शिरलं होतं. चौघांनी मिळून एक प्रयोग करायचा. बाई चिठ्ठी काढणार, ज्याचं नाव निघेल त्यानं गटाचं उत्तर सांगायचं, आणि त्याला पडतील तेच मार्क चौघांना. म्हणजे एकानं मरमर मरायचं आणि बाकीच्यांनी आयतं ओरपायचं! त्यात भौतिकशास्त्रात घसरलीस तर शिष्यवृत्ती गेली, आणि ती गेली की पुढचं शिक्षण बंद, असं वडिलांनी स्वच्छ बजावलेलं. या तिघांचं काय जात होतं?

“काय चाललं होतं?”

“काही नाही गं. असंच,” थोरली जुळी म्हणाली.

“आणि पट्टी कशाला?”

घुम्यानं पट्टी मुकाट्यानं टेबलावर ठेवली.

हे मुद्दाम चुकीचं सांगणार, आपलं नाक कापायला. पहिलीनं तिघांकडून उत्तर पुन्हा म्हणवून घेतलं: लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वाचं उत्तर थोडं कमी आलं, कारण हवेचा रोध. घुम्याकडून तर तिनं ते शब्द न् शब्द घोकून घेतलं.

आणि चिठ्ठी नेमकी घुम्याचीच निघाली.

तो उठला. क्षणभर त्यानं पहिलीकडे बघितलं आणि तिनं पढवलेलं जसंच्या तसं बोलून गेला. तिचा जीव भांड्यात पडला.

“हवेनं इतका फरक पडत नाही,” बाई म्हणाल्या. “लांबी कुठपर्यंत मोजलीत?”

“दोऱ्याच्या टोकापर्यंत.”

“गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते ना रे?”

घुम्यानं मान डोलावली. बाईंनी निम्मे मार्क कापले.

बाहेर व्हरांड्यात पहिलीनं त्याला अडवलं. तिचे डोळे भरून आले होते.

“मघाशी तू गोळाच मोजत होतास. तुला माहीत होतं.”

“होतं.”

“मग तेच का नाही सांगितलंस?”

“गटाचं उत्तर सांगायचं होतं. आपलं ते ठरलं होतं.”

“अरे, मग आधी मला तरी सांगायचंस!”

“सांगितलं होतं.”

पहिली जुळ्यांकडे वळली. “खोटं बोलतोय ना हा?”

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

“नाही गं, सांगत होता तो,” धाकटी हळूच म्हणाली. “तू तेव्हा आम्हाला समजावत होतीस.”