मावशीच्या हातची पाटवडी

"मावशी, ओट्याले साल झालं, मंग त्याची पंगत तुमच्याच घरी काहून नाही?"

धनश्रीनं विचारलं आणि फोन जरा लांब धरला, सगळ्यांचे चेहरे एकदम दिसावेत म्हणून. पैज दीपालीची होती, तिला हवा अमितानं दिली होती. वादविवाद स्पर्धेचं पहिलं बक्षीस आणल्यापासून तुझं तोंड फार सुटलं आहे ना, मग गुरुवारच्या व्हिडिओ कॉलवर, आपल्या ओट्यावर, सगळ्यांसमोर हे विचारून दाखव, असं दोघींनी शाळेतून येताना तिला डिवचलं होतं. गल्लीभर माणसं जमवणाऱ्या कमल मावशीनं स्वतःच्या घरी कोणाला कधी घोटभर चहा तरी पाजला का? पक्की चिक्कू बाई आहे, हा अमिताचा निकाल. धनश्रीला तो पटला नव्हता, पण पाणीपुरीची पैज मागे घेणं तिच्या रक्तात नव्हतं. आता त्या दोघी शेजारच्या पुष्पाकाकूंकडे बसून, त्यांच्याच चौकोनात, काकूंच्या पाठीमागे उशीत तोंड खुपसून हसत होत्या.

बाकी कोणी हसलं नाही. पुष्पाकाकू डोक्यावर ठेवलेला चष्मा शोधू लागल्या. सावरगावातल्या स्मिताताईचं चित्र अडकल्यासारखं थांबलं, पण मागचा पंखा मात्र फिरत होता. धनश्रीची आई उर्मिला गॅस चालू आहे म्हणून उठली. गॅस चालू नव्हता. आणि शेजारी बसलेले बाबा, जे ओट्यावर बोलायला नेहमी आढेवेढे घेत, ते घाईघाईनं म्हणाले,

"अगं, त्यांना कशाला त्रास? आपण एखादा हॉल घेऊ. वर्गणी काढू."

सगळ्यांत आधी हसली ती कमल मावशी.

"माझ्या घरी? काहून, आमच्या सुखदेवरावाचं घोरणं ऐका लागते का तुम्हाले?"

मग सगळे हसले, जरुरीपेक्षा थोडं जास्तच. मावशीनं लगेच भेंड्या लावल्या, 'ळ' आला की रडायचं नाही असा दम भरला, आणि पाच मिनिटांत ओटा पुन्हा रंगला. धनश्री पैज जिंकली होती. पण बाबांची मांडी अजून हलत होती, आणि आई स्वयंपाकघरातून परत आली नव्हती.

ओटा म्हणजे खरं तर ओटाच होता आधी. प्रत्येक घरापुढे एक. संध्याकाळी भाजी निवडायला, केस विंचरायला, कोणाच्या सुनेचं काय चाललं ते ऐकायला बाया त्यावर येऊन बसत. पांढुर्णा जिल्हा झाला, गाड्या वाढल्या, गल्लीचा रस्ता रुंद झाला आणि ओटे गेले. दार उघडलं की पाय थेट रस्त्यावर. बसायला जागा नाही म्हटल्यावर लोक दारं लावून घेऊ लागले. पन्नास पावलांवरची माणसं एकमेकांना भाजीबाजारात भेटून "दिसून नाही राहिल्या आजकाल" म्हणू लागली.

तेव्हा कोपऱ्यावरच्या घरातली कमल मावशी, जी दिवसभर पोस्टाच्या खिडकीत बसून अख्ख्या गावाला रांगेत उभं करते, तिनं एका गुरुवारी सगळ्यांच्या फोनवर लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं: ओटा. साडेसातला. निवडायची भाजी सोबत आणणे.

पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. कोणाचं कपाळ दिसे, कोणाचं छत. पुष्पाकाकूंचा आवाज आधी भिंतीतून येई आणि मग फोनमधून, म्हणून त्यांचा प्रत्येक टोमणा दोनदा ऐकावा लागे. पण मावशीचा हात बसला. कोण किती वेळचं बोललं नाही, हे तिला न मोजता कळायचं. नागपूरला मुलाकडे गेलेल्या जोशीआजी नुसत्या बघत बसत, तर मावशी त्यांना मुद्दाम चुकीची म्हण सांगे, आणि आजी ती दुरुस्त करायला म्हणून बोलत्या होत. नवरा गेल्यावर तोंड मिटून बसलेल्या शेवाळकर बाईंना तिनं 'कशा आहात' असं एकदाही विचारलं नाही. नवऱ्याचा, म्हणजे भाऊंचा रेडिओ अजून खरखरते का, एवढंच विचारलं, आणि बाई अर्धा तास त्या रेडिओवर बोलल्या. पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीच्या दिवशी तर गुरुवार नसतानाही मावशीनं ओटा लावला. पुष्पाकाकूंची लेक स्मिता सावरगावला दिलेली, जावई जाम नदीच्या त्या काठावर, लेकीचा बाप या काठावर. दोघींची माणसं घरी परत येईपर्यंत मावशीनं त्या दोघींना फोनवरून हलू दिलं नाही, दिवसभर काहीबाही बोलत राहिली.

धनश्री हे सगळं बघत होती आणि मनातल्या मनात उचलत होती. स्पर्धेत समोरच्या मुलीची जीभ अडखळली तेव्हा तिनं थांबून तिला वेळ दिला होता. परीक्षकांनी त्याचं कौतुक केलं. ते तिनं कोणाकडून घेतलं, ते कोणाला माहीत नव्हतं.

आणि पाटवडी. एका गुरुवारी मावशीनं सगळ्यांकडून पाटवडी करून घेतली. ज्याचा त्याचा गॅस, ज्याची त्याची कढई. बेसन हाटताना गाठी होऊन राहिल्या, तर मावशीचा फोनवरून ओरडा, "हात थांबवू नका वं, गप्पा मंग मारजा." सगळ्यांनी ताटाला तेल लावून पाटवड्या थापल्या, वर खोबरं आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरलं, झणझणीत रस्सा केला आणि ताटं कॅमेऱ्यापुढे धरली. तेव्हापासून गल्लीत तिचं नावच पडलं, कमल मावशीची पाटवडी. पाहुणे आले की तीच. बाबा तर दोनदा रस्सा घेत आणि म्हणत, "हाताला चव आहे बाईच्या." ती आईच्या हातची असे, हे आई हसून आठवण करून द्यायची.

त्या रात्री जेवताना मात्र आई हसली नाही.

"हर गोष्ट चार लोकांत नाही विचारत, धनू."

"पण मी वाईट काय विचारलं?"

आईनं तिच्या ताटात न मागता भात वाढला आणि बाबांनी बातम्यांचा आवाज मोठा केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धनश्री कोपऱ्यावर गेली. इतक्या वर्षांत ती फाटकापर्यंत कितीदा आली असेल, निरोप द्यायला, रजिस्ट्रीची पावती घ्यायला. पण फाटकाच्या आत पाऊल पहिल्यांदाच पडत होतं, आणि हे तिला फाटकाची कडी काढतानाच लक्षात आलं.

बैठकीची खोली चांगली ऐसपैस होती. त्यांच्या गल्लीत एवढी मोठी कोणाचीच नव्हती. अख्खा ओटा मावून वर जोशीआजींची आरामखुर्ची मावली असती. भिंतीवर बुद्धाची पांढरी मूर्ती, शेजारी निळ्या कोटातले बाबासाहेब. सुखदेव काका पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, मान डोलावली आणि पेपर घेऊन मागच्या अंगणात निघून गेले.

"माफी मागाले आली का?" मावशीनं विचारलं. ती भेंडी चिरत होती. "नको मागू. प्रश्न चांगला होता. सभेत थोडा जड झाला."

धनश्रीनं तोंड उघडलं, पण तिची नजर मागच्या मांडणीवर गेली होती. स्टीलची ताटं, एकावर एक नाही तर उभी, ओळीनं, आरशासारखी. आणि प्रत्येक ताटाच्या मध्यावर दुकानाचा गोल कागदी स्टिकर तसाच.

"हे काढले नाही तुम्ही?"

"घर बांधलं तेव्हा घेतली ताटं. म्हटलं, गल्ली जेवाले येईन." मावशीनं भेंडीचं देठ कापलं. "आली ना गल्ली. सगळे आले. आहेर आणले, घर पाहिलं, फरशी छान आहे म्हणाले. टोपलीतलं एकेक संत्रं घेतलं अन् गेले. कोणाचा उपास होता, कोणी नुकतंच जेवून आलं होतं."

"सगळ्यांचा एकाच दिवशी?"

"संत्र्याले साल असते ना, पोरी."

धनश्रीला आधी कळलं नाही. मग एकदम कळलं, आणि त्यासोबत बाकीचं सगळं ओळीनं येऊ लागलं. जुन्या ओट्यांवर बाया बसलेल्या असत तेव्हा कमल मावशी समोर स्कूटीला टेकून उभी असे. तासभर बोलायची, पण उभ्यानंच. धनश्रीला वाटायचं, मावशीला नेहमी घाई असते. आणि घरी मावशी आली की आई मनापासून चहा करायची, आलं घालून, बिस्किटांसोबत. पण तो चहा कागदी कपात असायचा. डाळीच्या डब्यामागे त्या कपांचं पाकीट असे. पुष्पाकाकू आल्या की निळ्या फुलांचे कप निघत. धुवायचे कष्ट वाचतात, असं आई म्हणायची. कोणासाठी वाचतात, हे धनश्रीनं कधी विचारलं नव्हतं, तिनं, जी सगळं विचारते.

"फोनवर बरं राहाते," मावशी म्हणाली. एखाद्या खेळाचे नियम सांगावेत तसं. "सगळ्यायचे चौकोन सारखे. ज्याचं पाणी त्याच्या घरी. कोणाले पेच नाही, कोणाले खोटं बोला लागत नाही. जो बोलावते त्यानं एवढं तर पाहाच लागते."

"तुम्हाले राग नाही येत?"

"येते ना. गुरुवारी नाही येत."

भेंडी चिरून झाली होती. मावशीनं विळी आडवी केली, पदराला हात पुसले आणि धनश्रीकडे बघितलं, जसं ती ओट्यावर न बोललेल्या माणसाकडे बघायची तसं. घाई न करता.

धनश्रीच्या मनात पुष्कळ वाक्यं आली. बक्षीस मिळवणारी, टाळ्या घेणारी. तिनं ती सगळी गिळली.

"मावशी, तुमच्या हातची पाटवडी मी खाल्लीच नाही कधी."

मावशी उठली. तिनं बेसनाचा डबा हलवून पाहिला.

"शनिवारी ये. कितीजण येसान ते सांगजो, बेसन तेवढंच हाटतो. अन् ऐक, कोणाले ओढून आणू नको. विचारजो फक्त. नाही म्हटलं, तं गुरुवारी ओटा आहेच."

फाटकाबाहेर दीपाली आणि अमिता उभ्या होत्या, हरलेली पाणीपुरी द्यायला. धनश्रीनं त्यांना चालता चालता सांगितलं, सालीचं, ताटांचं, स्कूटीचं.  अमिता म्हणाली, चिक्कू मी म्हटलं होतं, तर शनिवारी मीही येते. दीपाली म्हणाली, आईला विचारते. मग दोन पावलं चालून म्हणाली, नाही, सांगते.

धनश्री घरी आली तेव्हा आईबाबा समोरच्या खोलीत होते. तिनं न सांगता चहा ठेवला. आलं किसलं, उकळी येऊ दिली. डाळीचा डबा बाजूला सरकवला, मागचं पाकीट काढलं आणि दोन कागदी कपांत चहा गाळून बाहेर आणला.

बाबांनी कप घेतला आणि मोबाइलमध्ये बघत म्हणाले, "आज काय, कप फुटले का सगळे?"

आईनं कप घेतला नाही. ती त्या कपाकडेच बघत राहिली. मग बाबांनीही मान वर केली, आईकडे पाहिलं, तिच्या नजरेमागे कपाकडे पाहिलं आणि मोबाइल पालथा ठेवला. कप गरम होता. तो ना त्यांना धरवत होता, ना ठेववत होता.

धनश्री उभीच होती. स्टेजवर उभं राहताना पाय जसे जरासे लांब ठेवायचे, तसे तिनं ठेवले. पण आवाज तिथल्यापेक्षा खाली आला.

"आई, बाबा, शनिवारी मी कमल मावशीकडे जेवाले जाऊन राहिली. त्यायच्या हातची पाटवडी आहे. माझं एक ताट सांगून आली. ताटायचे स्टिकर अजून निघाले नाहीत, काढाले वेळ लागन. अजून किती काढायचे, ते मले उद्यापर्यंत त्यायले सांगायचं आहे."