बरणी नंबर पाच

तीस वर्षं पाव भाजतोय मी. न फुगलेलं पीठ माझ्याच्यानं बघवत नाही, त्याला काय करू?

भाची बारावीला. शाळेनं सांगितलं, विषय स्वतः शोधा, तीन आठवडे स्वतः संशोधन करा. कार्टीनं माझी बेकरीच निवडली! कुठल्या जागी पीठ किती फुगतं ते बघायला सहा जागी सहा बरण्या, सारखंच पीठ. रोज आदल्या दिवशीच्या पिठाचा गोळा राखून सकाळी नवं कालवायचं आणि शाळा सुटली की पट्टी लावून चढ मोजायचा. वर मलाच दम, "मामा, हात लावशील तर बघ."

पाण्याच्या टाकीजवळची पाच नंबर बरणी मात्र थंडीनं मलूल. शेवटच्या दिवशी मला राहवलं नाही. तासभर भट्टीवर ठेवली आणि गुपचूप जागेवर नेली.

चार वाजता भाची किंचाळलीच. "मामा, दुप्पट! पीठ थंडीला सरावलं!" तिनं निष्कर्षच बदलला. बाई खूश. मोठ्या प्रदर्शनाला शाळेतून तिचाच प्रकल्प जाणार म्हणाल्या.

गप्प बसलो असतो तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण पोरगी अंगात ताप असतानाही मोजायला आली होती हो! सादरीकरणाच्या आदल्या दिवशी सगळं सांगून टाकलं.

ती ओरडली नाही. मैद्याच्या पोत्यावर बसली, डोळे भरून आले. मग वही उघडली. "किती वाजता ठेवलीस? किती वेळ?" मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. शेवटची तीन पानं तिनं स्वतःच्या हातानं खोडली.

सादरीकरणाला मी मागच्या बाकावर. परीक्षकांनी विचारलं, "हा आकडा का खोडलास?"

"बरणी हलवली होती, सर. मामानं स्वतः सांगितलं, म्हणून कळलं."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी बुटांवरचा मैदा बघत बसलो. लाज वाटत होती आणि अभिमानही.

प्रदर्शनाला दुसऱ्याच मुलाचा प्रकल्प गेला. दोन दिवसांनी बेकरीत सहा नव्या बरण्या लागल्या.

"अगं, आता कशाला? मार्क तर मिळाले."

"पीठ खरंच सरावतं का, ते कुठं कळलंय?" तिनं पट्टी माझ्या हातात ठेवली. "पाच नंबर तू मोजायचीस."

चार वाजता मोजली. जेमतेम अर्धा सेंटिमीटर चढलं होतं. भट्टी दोन पावलांवर होती. मी अर्धा सेंटिमीटर लिहिलं.