वाळवंटासाठी पाणीकपात

माझी अख्खी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली, आणि त्यातली बरीचशी लोकांना पाणी न देण्यात गेली. शहरात टंचाई आली की कपातीचं वेळापत्रक आखायचं काम माझ्याकडे यायचं. कुठल्या भागाला किती दाब, कुठला व्हॉल्व्ह केव्हा बंद करायचा, लोकांची ओरड कुठवर ताणता येते, याचा मला इतका बरोबर अंदाज होता की खात्यात मला सगळे ‘कपातसाहेब’ म्हणत. शहरातले लोक आणखीही बरंच काही म्हणत, पण ते फोनवर.

निवृत्तीनंतर असं कसब वाया जातं. घरात कपात करण्यासारखं जे काही होतं ते बायकोच्या ताब्यात होतं, आणि तिथे माझी डाळ शिजत नव्हती. त्यामुळे आक्काने वाळवंटाचा विषय काढला तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला कामावर परत बोलावल्यासारखं वाटलं.

आक्का माझी थोरली बहीण. भावोजी कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होते आणि आक्का त्यांच्या खोलीला. ते गेल्यावरही तिचं घराबाहेर पडणं होत नव्हतं. एकदा दातांच्या दवाखान्यात नंबरची वाट बघताना तिने मासिकात वाळवंटाचं चित्र पाहिलं आणि घरी न जाता सरळ आमच्याकडे आली. इंजेक्शनने एक गाल बधिर होता, पण बोलायची घाई.

“मला हे बघायचंय,” ती म्हणाली.

“काय, वाळू?” बायकोने विचारलं.

“अगं, एवढी धूळ, आणि त्यातली कणभरसुद्धा कुणाला पुसायची नाहीये!” मग माझ्याकडे वळून, जरा आवाज उतरवून म्हणाली, “पण एकटीने नाही रे जमायचं मला. तू आलास तरच जाईन. नाहीतर राहू दे.”

लहानपणापासून आमच्यात मागायचं काम माझं आणि द्यायचं तिचं. तिने माझ्याकडे काही मागितलं असं हे पहिल्यांदाच. मी छाती पुढे काढून हो म्हणालो. बायकोला ऊन सोसत नाही. “तुम्ही दोघंच जाऊन या,” असं तिने इतक्या चटकन सांगितलं की तिलाही थोडी सुट्टी हवी असावी.

निघण्यापूर्वी सहल कंपनीने सगळ्यांना तयारीसाठी आपल्या कचेरीत बोलावलं. चष्म्याच्या दुकानावरची लांबट खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि फक्त बोलणाऱ्याकडे वळणारा पंखा. आम्हाला नेणारी गाइडबाई तरतरीत होती, केस बारीक कापलेले, चेहरा उन्हाने रापलेला. तिने भराभर सांगितलं. कपडे सैल, सुती आणि पूर्ण बाह्यांचे घ्या. बूट नवे कोरे नकोत, आतापासून वापरून मऊ करा. तोंडाला गुंडाळायला मोठा रुमाल हवा. रात्री थंडी झोंबते, तेव्हा एक गरम कपडा घ्याच. रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. टेकडीआड एकट्याने जायचं नाही, मग निकड कितीही असो.

“आणि पाणी. तहान लागायची वाट बघायची नाही. घोट घोट पीत राहायचं.”

इथे माझ्यातला साहेब जागा झाला. मी हात वर केला. “बाई, जाण्याआधीच शरीराची पाण्याची गरज टप्प्याटप्प्याने खाली आणली तर?”

“काका, पाणी न पिण्याची सवय शरीराला लागत नाही.”

“अहो, अख्ख्या शहराला लावलीय मी!”

खोली हसली. मला वाटलं, विनोदाला हसली. बाईसुद्धा हसून पुढच्या मुद्द्याकडे वळली, पण मी तिथेच अडकलो. माझ्या डोक्यात एक चित्र तयार झालं होतं. आमची गाडी वाळूत रुतलीय, पाण्याची एकच बाटली उरलीय, माणसं धीर सोडतायत, आणि सुकलेल्या ओठांनी पण खंबीर आवाजात मी म्हणतोय, “आक्का, तू पी. मला चालतं.” हे चित्र मला इतकं आवडलं की मी त्यात रोज थोडी भर घालायला लागलो. पुढे पुढे तर गाइडबाईसुद्धा त्यात माझा सल्ला विचारायची.

तयारी दणक्यात सुरू झाली. मी दोरखंड आणला, शिट्टी आणली, होकायंत्र आणलं, एक टॉर्च आणला आणि तो बिघडला तर म्हणून दुसरा. बायकोने बॅग उचलून बघितली आणि परत खाली ठेवली. “अहो, तुम्ही सहलीला चाललाय की हरवलेल्या कुणाला शोधायला?”

वाळूवर चालायचा सराव हवा म्हणून मी कोपऱ्यावरच्या बांधकामाशी गेलो. तिथे वाळूचा चांगला मोठा ढीग होता. मी एका बाजूने चढायचो, दुसऱ्या बाजूने घसरत उतरायचो, परत चढायचो. राखणदार थोडा वेळ बघत राहिला, मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “साहेब, घरचा नंबर आठवतोय का तुम्हाला?” मी नंबर दिला नाही, पण घरी आल्यावर बायकोने दार उघडलं ते सगळं कळल्याच्या चेहऱ्याने. अशा बातम्यांना नंबर लागत नाही.

पण हे सगळं वरवरचं. खरं काम गुपचूप चाललं होतं, ते म्हणजे कपात. आधी सकाळचा तांब्या अर्धा केला. मग दुपारचं पाणी बंद. मग दिवसाआड पुरवठा. बायकोला कळलं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून तिने भरून दिलेला प्रत्येक पेला मी गॅलरीत न्यायचो आणि कुंडीत ओतायचो. कुंड्या अशा फोफावल्या की शेजारीण बघायला आली. बायको तिला नव्या खताबद्दल सांगत होती आणि मी गंभीरपणे मान डोलावत होतो. डोकं दुखायचं, जीभ टाळूला चिकटायची, पण मला वाटायचं, जमतंय! शहरातही पहिल्या आठवड्यात ओरड व्हायचीच, मग लोक गप्प बसायचे. ते टँकर मागवून गप्प बसायचे, हे मात्र मला तेव्हा आठवलं नाही.

निघायला थोडे दिवस उरले आणि मी रंगीत तालीम ठरवली. खात्यात मोठी कपात लागू करण्याआधी आम्ही चाचणी घ्यायचो, तशीच. भर दुपारी पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट, तोंडाला रुमाल अशा थाटात मी गच्चीवर जाऊन बसलो. शेजारी पाण्याची बाटली ठेवली होती, न उघडण्यासाठी. थोड्या वेळाने कमरेत कळ आली. आधी वाटलं, बसणं चुकलं. मग पाठीत कुणीतरी पाना घालून पाइप आवळावा तशी कळ फिरली आणि माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो खंबीर नव्हता.

मी जिना एकेक पायरी बसत उतरलो. खाली आक्का आली होती, मऊ झालेले बूट बायकोला दाखवायला. रुमालात गुंडाळलेला मी दारात कोसळलो तेव्हा बायको किंचाळली. आक्का किंचाळली नाही. तिने रुमाल सोडवला, मला उठवलं, गाडी बोलावली. दवाखान्यापर्यंत तिचा हात मी सोडला नाही. वाळवंटात जिला मी धीर देणार होतो, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मी “आई गं, आई गं” करत होतो.

“मुतखडा आहे,” डॉक्टर म्हणाले. “पाणी कमी पिता का?”

“छे हो,” बायको म्हणाली. “हल्ली तर पेल्यामागून पेले. मी स्वतः भरून देते.”

मी छताकडे बघत राहिलो. छतात बघण्यासारखं काही नव्हतं. बायकोच्या डोक्यात काहीतरी जुळलेलं मला न बघताही कळलं.

“कुंड्या!” ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. डॉक्टरांनी माझं काम काय होतं ते विचारलं, आणि ऐकून घेतल्यावर ते खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. सहल अर्थातच बंद. बायकोने मला जे काही सुनावलं त्यात ‘उंटावरचा शहाणा’ हे सगळ्यात सौम्य होतं, आणि तेही तिने लगेच सुधारलं, की यांना तर उंट दिसायच्या आधीच शहाणपण सुचलं.

आक्का एवढंच म्हणाली, “मग मीही नाही जात. आधीच सांगितलं होतं ना, तू आलास तरच. मी बाईंना कळवते उद्या.”

आता जे सांगतोय ते सांगायला मला लाज वाटते. हे ऐकून मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी तिने धरलेली इच्छा मोडत होती, तीही माझ्या मूर्खपणापायी, आणि मी पलंगावर पडून मनात म्हणत होतो, बघा, माझ्याशिवाय तिचं पान हलत नाही.

दुसऱ्या दिवशी ती लवकरच आली. आल्या आल्या तिने माझ्या मानेखाली हात घालून उशी फिरवली, चादरीचा कोपरा आत खोचला, पलंगाशेजारचं स्टूल पदराने पुसलं, पेला माझ्या ओठांना लावला. पेल्याचा कोन अगदी बरोबर होता, एक थेंब सांडला नाही. नर्स आली तर आक्का आपोआप तिच्या वाटेतून बाजूला सरकली, आणि कुठे सरकायचं ते तिला बघावं लागलं नाही. इतकी वर्षं ती हेच करत होती. एका आजाऱ्याच्या खोलीतून ती कशीबशी बाहेर पडली होती, आणि मी तिच्यासाठी दुसरी खोली तयार करून ठेवली होती.

मी एक घोट घेतला.

“आक्का, बाईंना फोन केलास?”

“करते आता. तुझं पाणी होऊ दे.”

“करू नकोस. तू जा.”

पेला थांबला. “एकटी?”

“एकटी कसली? एवढी माणसं आहेत, बाई आहे.”

“आणि तुझं इथे कोण बघेल?”

“बायको बघेल. आता तर ती पेला रिकामा होईपर्यंत हलतच नाही.”

आक्का स्टुलावर बसली. पेला तिने मांडीवर धरला. “मला भीती वाटते रे,” ती म्हणाली.

“वाटू दे,” मी म्हणालो. मलाही वाटत होती, पण ते सांगितलं असतं तर ती राहिली असती, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प बसलो.

ती गेली. एक छोटी बॅग, मऊ बूट, गरम कपडा आणि हातातल्या पिशवीत गोळ्या. मी माझी शिट्टी देऊ केली, ती तिने हसून परत केली.

तिचा फोन आला तेव्हा दुपार होती आणि मी घरी, बायकोच्या पहाऱ्यात, पाणी पीत होतो. आक्काला धाप लागली होती.

“अरे, मी वर आलेय! टेकडीवर. वाळूच्या! बाई म्हणाल्या, ज्यांना झेपेल त्यांनीच चढा, बाकीच्यांनी खाली सावलीत बसा. मी चढले. पाऊल टाकलं की मागेच येतंय, मधे मधे बसले, एकदा तर रांगलेसुद्धा. पण चढले!”

“गुडघा?”

“दुखतोय की. दुखू दे.” तिकडे वाऱ्याचा आवाज येत होता. मग ती हळूच म्हणाली, “एक सांगू? रागावू नकोस हं. तू असतास ना, तर मी खालीच बसले असते. तू मला चढूच दिलं नसतंस.”

मी नाही म्हणणार होतो, पण तिचं खरं होतं. मी तिला सावलीत बसवलं असतं, पायाखाली काहीतरी दिलं असतं, “तू दम खा, मी बघून येतो आणि तुला सांगतो,” म्हणालो असतो, आणि तिने ते ऐकलं असतं.

“वरून काय दिसतं?” मी विचारलं.

ती सांगायला लागली. सांगताना मधेच हसत होती, मधेच गप्प होत होती, आणि तिचा असा आवाज मी फार फार वर्षांनी ऐकत होतो, भावोजी आजारी पडायच्याही आधीचा. फोन ठेवल्यावर माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बायको धावत आली.

“काय हो? परत दुखायला लागलं का?”

“नाही गं,” मी म्हणालो. “आक्का वर चढली.”